मासेमारीचे नियम कोणी करायचे?

(डहाणू रोड येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रावर जाणाऱ्या माणसाला कायदा म्हणजे केवळ कटकट वाटते, अशी एक समजूत शहरांतून रूढ आहे. डहाणूपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर ती टिकत नाही. धाकटी डहाणूच्या, वरोर-वाढवणच्या किंवा तलासरी तालुक्याच्या टोकाला असलेल्या झाईच्या कोणत्याही जाणत्या तांडेलाची तक्रार ऐकावी. नियम फार झाले, असे तो म्हणत नाही. नियम कागदावर आहेत आणि समुद्रावर नाहीत, आणि जेथे ते लागू होतात तेथे नेमके दुबळ्याच्या टोपलीवर उतरतात, असे त्याचे म्हणणे असते. पर्ससीन जाळे बंद करा, दिवे लावून होणारी मासेमारी बंद करा, पावसाळी बंदी वाढवा, या मागण्यांसाठी जे लोक मोर्चे काढतात त्यांना बेशिस्त म्हणणे अवघड आहे. आपल्या धंद्यावर अधिक बंधने घाला म्हणून सरकारच्या दारी जाणारा दुसरा कोणता धंदेवाला या देशात आहे? कारखानदारांच्या संघटनेने अशी मागणी केल्याचे ऐकिवात नाही.

मुळात हा कायदा आला तोच अशा मागणीतून. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा उभारला. केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर होड्या जळल्या, डोकी फुटली. त्या रेट्याखाली केंद्र सरकारने मजुमदार समिती नेमली, राज्यांसाठी नमुना विधेयक तयार झाले, आणि गोवा व केरळ यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखून ठेवणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे चाळीस वर्षांत त्या कायद्याचे काय झाले, हा आजचा विषय आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात मासेमारीचा प्रश्न एका ठराविक पद्धतीने शिकवला जातो. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली दाखवून दिले की मासा कोणाच्याच मालकीचा नसेल तर होड्या वाढत वाढत जातात, आणि शेवटी सर्वांचा नफा शून्यावर येतो. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाच्या दाखल्याने हीच गोष्ट अधिक भडक रंगात मांडली. या दोघांचा आधार घेऊन जगभरच्या सरकारांनी निष्कर्ष काढला की लोकांच्या हातात सामाईक संपत्ती सुरक्षित नसते. ती खासगी मालकाच्या तरी स्वाधीन करावी किंवा सरकारी खात्याच्या तरी. त्या तर्कातील खोट अशी की डहाणूचा समुद्र बेवारशी कधीच नव्हता. डोल जाळे बांधण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवून जी जागा धरतात तिला कव म्हणतात, आणि कोणती कव कोणाची हे किनाऱ्यावरच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. पावसाळ्यात होडी ओढून घ्यायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा केल्यावरच ती पुन्हा लोटायची, ही रीत कोणा खात्याने घालून दिलेली नव्हती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या अशा व्यवस्थांचा अभ्यास करून दाखवले की लोक स्वतः नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्याला शिक्षाही करतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कारभारात मात्र अजून हार्डिनचाच अंमल चालू आहे.

ही घडी मोडली कोणी? मच्छीमाराच्या हावेने, असे उत्तर सोपे आहे आणि अगदी खोटेही नाही. पापलेटच्या जाळ्याचा आस वर्षागणिक लहान होत गेला, तो जाळी विणणाऱ्यांच्याच हातून झाला. पण यांत्रिक नौकांना कर्जे कोणी दिली? राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनांतून सार्वजनिक पैसा आला, डिझेलवरील कराचा परतावा आला. अमेरिकेला आणि जपानला कोळंबी हवी होती, देशाला परकीय चलन हवे होते. एक होडी कर्जाने घेतली की हप्ता फेडण्यासाठी अधिक मासा मारावा लागतो. अधिक मारला की मासा घटतो. घटला की आणखी दूर जावे लागते आणि अधिक डिझेल जाळावे लागते. हे चक्र कर्ज देणाऱ्याने फिरवले आणि दोष घेणाऱ्याच्या माथी आला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पाहणीत २०१८ साली महाराष्ट्राचे सागरी उत्पादन २.९५ लाख टन होते, ते २०१९ साली २.०१ लाख टनांवर आले. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षीच्या वादळांचाही त्यात वाटा होता, हे नमूद केले पाहिजे.

आता नियमांकडे वळू. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. यापेक्षा लहान मासा पकडू वा विकू नये. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून गौरवण्यात आले. शास्त्राच्या दृष्टीने लांबीचा नियम निर्दोष आहे. माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्यावी, हे कोणत्याही कोळणीला पटते. परंतु डहाणूच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर चालणारे डोल जाळे कसे काम करते, याचा विचार या नियमात दिसत नाही. डोल ही समुद्रात भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर बांधून ठेवलेली मोठी पिशवी असते. प्रवाह जे आणील ते तिच्या खोल्यात जमते: बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, आणि त्यांच्याबरोबर पापलेटची पिल्लेही. जवळा हा जन्मभर बोटाच्या पेरापेक्षा मोठा होत नाही. तो धरायचा तर आस बारीकच लागतो, आणि त्या बारीक आसातून १८० मिलिमीटरखालचा बोंबील सुटणार कसा? जाळे वर येते तेव्हा पिल्लू मेलेले असते. त्याला परत समुद्रात टाकल्याने कायद्याचे समाधान होते, पापलेटचे होत नाही.

म्हणजे नियम लावायचा तर तो आसाला लावला पाहिजे, जाळे बांधण्याच्या महिन्यांना लावला पाहिजे, कवींच्या संख्येला लावला पाहिजे. या गोष्टी ठरवताना कोणत्या महिन्यात कोणत्या वावावर पिल्ले असतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याशी बोलावे लागते. त्याउलट बंदरावर उभे राहून पाटीतला मासा पट्टीने मोजणे सोपे आहे. पाटी सहसा बाईच्या डोक्यावर असते. लहान मासा घाऊक भावाने उचलून कुटीच्या कारखान्याला पुरवणारा व्यापारी मात्र पट्टीच्या टप्प्यात येत नाही. पिल्लांना गिऱ्हाईक आहे तोवर पिल्ले मारली जाणार, हा बाजाराचा साधा नियम आहे. गिऱ्हाईक मोकळे ठेवून पकडणाऱ्याला दंड करणारी नीती फार काळ कोणाचा आदर मिळवू शकत नाही.

पावसाळी बंदीची कथा अशीच. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. लोकांच्या पंचांगाशी सरकारी तारखेचा मेळ घालणारी ती एक शहाणी तरतूद होती. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी आली. एकसारखेपणा दिल्लीला आवडतो. पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येथे समुद्र खवळलेला असतो, आणि पावसात वाढू लागलेले पापलेटचे पिल्लू अद्याप तळहाताएवढेही झालेले नसते. १ ऑगस्टला यांत्रिक नौका सुटतात आणि पहिल्याच फेऱ्यांत ही पिल्ले टोपल्या भरभरून येतात. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी ही पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांची जुनी मागणी आहे. झाईच्या पलीकडे उंबरगावपासून गुजरात सुरू होतो. त्या राज्याने २०२४ साली बंदी १५ ऑगस्टपर्यंत लांबवली. माशांना राज्याची हद्द कळत नाही हे वाक्य आता फार झिजले आहे. पण एकाच पाण्यात एका बाजूच्या नौका नांगरलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या सुटलेल्या, हे दृश्य झाईच्या किनाऱ्याने पाहिले आहे.

पर्ससीनचा प्रश्न राज्यापुढे अनेक वर्षे आहे. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने या जाळ्यांचे परिणाम तपासून अहवाल दिला, आणि त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने आदेश काढला. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, परवान्यांची संख्या क्रमाक्रमाने कमी करत अखेर १८२ वर आणावयाची, असा त्याचा आशय. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याने मूळ कायदा दुरुस्त करून दंड वाढवले: बेकायदा पर्ससीनला १ ते ६ लाख, एलईडीला ५ ते २० लाख. खटल्यांचा निकाल देण्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनही उडू लागले. कागदावर यापेक्षा अधिक काय हवे?

तरीही तक्रार थांबत नाही, याचे कारण हद्दीत आहे. राज्याचा कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत चालतो. पुढचे पाणी केंद्राचे. बेकायदा जाळे टाकणारी नौका पकडली गेली की ती नेहमी बाराव्या मैलाच्या पलीकडून आलेली असते, निदान तिचा मालक तसे सांगतो. त्या पलीकडच्या पाण्यातील देशी नौकांसाठी केंद्राने सविस्तर नियम केले ते २०२५ च्या नोव्हेंबरात. राज्याच्या कायद्यानंतर चव्वेचाळीस वर्षे गेली. एवढ्या काळात पापलेटच्या किती पिढ्या होतात, याचा हिशेब तज्ज्ञांनी करावा.

लहान मच्छीमारांमध्येच असलेल्या एका भांडणाविषयीही बोलले पाहिजे, कारण कार्यकर्ते तो विषय टाळतात. डहाणू-सातपाटी भागातील पुष्कळ नौका दालदा, म्हणजे वाहते जाळे, वापरतात. वसई, उत्तन, मढ या बाजूंचे मच्छीमार डोलीसाठी उत्तरेकडे कवी मारत आले. जेथे कवींचे खुंट उभे राहतात तेथे वाहते जाळे टाकता येत नाही. टाकले तर फाटते. दोन्ही बाजू कष्टकरी, दोन्ही मुख्यत्वे कोळी, मांगेला, वैती अशा एकाच धंद्यातल्या समाजांच्या. वाद अनेक दशके चालू आहे, बैठका झाल्या, समजुती निघाल्या आणि मोडल्या. सरकारने यात बहुधा पोलिसाची भूमिका घेतली. भांडण पेटले की मध्ये पडायचे आणि निवले की विसरायचे. ऑस्ट्रॉम यांच्या ग्रंथात तुर्कस्तानातील अलान्या या गावाची हकीकत आहे. तेथेही जागांवरून मारामाऱ्या होत. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर जागांची यादी केली, दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, आणि प्रत्येकाने रोज एक जागा पुढे सरकायचे असे ठरवले. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला पाळीपाळीने येते, आणि कोणी दुसऱ्याच्या जागेवर गेला तर त्या दिवशीचा हक्कदारच त्याला हटकतो. त्यासाठी गस्ती नौका लागत नाही. अलान्यात मच्छीमार शंभराच्या आसपास आहेत आणि आपल्या किनाऱ्यावर हजारो, हा फरक मोठा आहे. परंतु कवींची नोंदवही दोन्ही बाजूंच्या संस्थांनी मिळून ठेवणे याला कोणती अडचण आहे?

परदेशात सारे आलबेल आहे असे मात्र नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या नद्यांत स्टीलहेड नावाचा मासा समुद्रातून अंडी घालायला वर येतो. तो घटला, तसे राज्याच्या खात्याने हंगाम आखडले. वॉशिंग्टन राज्यात २०२० च्या डिसेंबरात किनारी नद्यांवर होडीतून गळ टाकण्यासही बंदी झाली. धरणे, जंगलतोड आणि सरकारी पिल्लूकेंद्रे यांचा हिशेब न मांडता आमचाच गळ का मोजता, असा तेथील गळकऱ्यांचा संताप आहे. तो शब्द न शब्द आपल्याकडे ऐकू येईल. त्याच राज्यात १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की जुन्या करारांनुसार मूळ रहिवासी जमातींचा पकडण्याजोग्या माशांत निम्मा वाटा आहे. त्यातून पुढे या जमाती राज्याबरोबर व्यवस्थापनात भागीदार झाल्या. त्यांचे स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ आहेत आणि हंगामाच्या बैठकीला त्या बरोबरीच्या नात्याने बसतात. मासे त्यामुळे परत आले असे म्हणता येणार नाही. नियम मात्र त्यांच्यावाचून होत नाहीत.

आपल्या १९८१ च्या कायद्यात सल्लागार समितीची तरतूद आहे. सल्ला विचारणे आणि निर्णयात वाटा देणे यांतले अंतर येथे जमलेल्यांना सांगण्याची गरज नाही. केरळात १९८८ पासून पावसाळी ट्रॉल बंदी आली ती मच्छीमार संघटनांच्या दीर्घ आंदोलनामुळे, आणि त्या राज्याने नंतर आपल्या कायद्यातच गावपातळीपासूनच्या मत्स्य व्यवस्थापन परिषदांना जागा दिली. महाराष्ट्रात २०१० च्या गणनेप्रमाणे ४५६ सागरी मासेमारी गावे आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे होती. बहुतेक मोठ्या बंदरांवर सहकारी संस्था आहेत. त्यांचा उपयोग सरकार डिझेल आणि कर्ज वाटण्यापुरता करते.

या संस्थांविषयीही एक कठोर गोष्ट सांगणे भाग आहे. डहाणू आणि तलासरीच्या वाडी-पाड्यांतले वारली तरुण खलाशी म्हणून नौकांवर जातात. काही येथेच, पुष्कळसे वेरावळ, पोरबंदर, ओखा येथे. त्यांतले काही नौकेबरोबर पाकिस्तानी सागरी दलाच्या हाती लागतात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. समुद्रावर हंगाम घालवणारा हा माणूस बहुधा कोणत्याही मच्छीमार संस्थेचा सभासद नसतो. बंदीच्या काळातील केंद्रीय योजनेत मच्छीमाराने १,५०० रुपये साठवायचे, सरकारने ३,००० घालायचे, आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० त्याला मिळायचे, असा दर आहे. महिन्याला १,५०० रुपयांत कुटुंब कसे जगते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ही रक्कमही सभासदत्वाशी बांधलेली. बंदी वाढवा अशी मागणी करताना नौकेच्या मालकाबरोबर या खलाशाच्या पोटाचा विचार केला नाही, तर ती मागणी अर्धीच राहते. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतीत जे शेतमजुराचे झाले ते येथे खलाशाचे होऊ नये.

आणि वाढवण. डहाणू तालुका १९९१ साली केंद्राने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. तेच प्राधिकरण, न्यायमूर्तींच्या निधनानंतर, २०२३ च्या जुलैत त्याच जागी बंदराला संमती देते झाले. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरांहून लांब लाटरोधक बांध, असा तो आराखडा आहे. बंदराच्या बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद या व्यासपीठावर पूर्वी झाले आहेत. ते येथे पुन्हा मांडण्याचे कारण नाही. मत्स्य व्यवस्थापनाच्या अंगाने एवढेच विचारायचे की बोंबील १७९ मिलिमीटरचा भरला तर गुन्हा मोजणाऱ्या राज्यात, ज्या खडकाळ उथळ पाण्यात मासे वाढतात ते पाणी बुजवण्याला कोणत्या पट्टीने मोजतात? लांबीचा नियम सांगायला आलेल्या अधिकाऱ्याला वरोरचा तांडेल हाच प्रश्न विचारतो, आणि अधिकाऱ्याजवळ उत्तर नसते, कारण बंदर त्याच्या खात्यात येत नाही.

पक्षाच्या शाखांनी या हंगामात काही कामे हाती घ्यावीत. प्रत्येक बंदराच्या गावी ग्रामसभेत परवानाधारक नौकांची आणि जाळ्यांच्या प्रकारांची यादी मोठ्याने वाचून दाखवावी, अशी मागणी मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे लेखी करावी. माहितीच्या अधिकाराखाली ती मिळू शकते. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवण्याच्या ठरावाबरोबरच खलाशांना सभासदत्व आणि निर्वाह भत्ता देण्याचा ठराव संस्थांच्या वार्षिक सभेत मांडावा. तो नामंजूर झाला तर कोणी विरोध केला हे पाड्यांवर जाऊन सांगावे. लहान मासा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यावर कायद्याखाली किती कारवाया झाल्या, हा प्रश्न विधानसभेत विचारला जावा म्हणून सदस्यांकडे पाठपुरावा करावा. आणि सातपाटी-डहाणूच्या व वसई-उत्तनच्या संस्थांची कवींच्या प्रश्नावर एकत्र बैठक, सरकारी अधिकाऱ्यांशिवाय, घडवून आणता येईल काय ते पाहावे. जागा कोणती असावी यावरच पहिले दोन महिने जातील. तरी जूनमध्ये नौका किनाऱ्यावर ओढल्या की तांडेल मोकळे असतात, आणि बैठकीला तोच काळ बरा.